गोळ्या कुठल्या चालू आहेत?

आमच्या घरात ऑक्सिमीटर आला तो २०२१ च्या कोरोनात. बोटाला चिमटा लावायचा, वर मोठ्या अक्षरांत ९७ आला की सगळ्यांनी हुश्श करायचं आणि चिमटा परत डबीत टाकायचा. त्या ९७ च्या खाली आणखी एक आकडा असतो, नाडीचा, तो आमच्यात कुणी वाचत नसे. माझा तो आकडा कमीत कमी तीन महिने ४४-४५ होता आणि आम्ही ९७ बघून खूश.

मी बहात्तर वर्षांचा. बेळगावच्या उद्यमबागेत चौतीस वर्षं लेथवर टर्नर म्हणून काढली. घर अनगोळात, आणि येळ्ळूरच्या शिवारात वाटणीला आलेलं थोडं भाताचं रान आहे. रिटायर झाल्यावर सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत तीन फेऱ्या मारायच्या, येताना दूध घ्यायचं, दुपारी सायकल काढून रानात जाऊन यायचं, असा माझा नेम. दिवाळीनंतर त्या तीन फेऱ्यांच्या दोन झाल्या. संक्रांतीपर्यंत एक. मग एक दिवस पहिल्याच फेरीत बाकावर बसलो तो उठावंसंच वाटेना. दुखत काही नव्हतं. छातीत कळ नाही, धाप नाही, ताप नाही. अंगातलं बळ कुणीतरी काढून घेतल्यासारखं, बस्स.

"वय झालं," हे मला किती जणांनी सांगितलं याची मोजदाद नाही. शेजारच्या मास्तरांनी सांगितलं, मेव्हण्यानं सांगितलं, दूधवाल्यानंसुद्धा सांगितलं. हिनं तसं म्हटलं नाही, पण नाचणीची आंबील सुरू केली, खजूर भिजत घातला. मलाही ते पटत होतं. सत्तरीनंतर माणूस दमणारच. फक्त एक गोष्ट खटकायची. मशीन म्हातारं होतं तेव्हा हळूहळू होतं, वर्षाला थोडं थोडं झिजतं. तीन महिन्यांत बसलं तर कुठंतरी काहीतरी सैल झालेलं असतं.

आधी गल्लीतल्याच डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रक्त तपासायला दिलं. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉईड, किडनी, बी-बारा. थकवा म्हटलं की या तपासण्या आधी करतात आणि करायलाच हव्यात, कारण थायरॉईड कमी असला तरी माणूस असाच गळतो आणि नाडीही मंदावते. माझं सगळं बरं निघालं, बी-बारा तेवढं काठावर. त्याची सुयांची माळ लागली. मधल्या काळात एका रविवारी मेव्हण्याच्या आग्रहानं मी एक सलाईनही लावून घेतलं. आपल्याकडे सलाईन म्हणजे प्रसाद, कुणी नाही म्हणत नाही. दोन दिवस बरं वाटलं. ते सलाईननं वाटलं की दोन दिवस सगळ्यांनी विचारपूस केली म्हणून वाटलं, सांगता येत नाही.

मुलगी कोल्हापूरहून आली तेव्हा तिनं सहज चिमटा लावला आणि खालचा आकडा वाचला. "बाबा, हे चव्वेचाळीस काय आहे?"

मशीन जुनं आहे, सेल संपले असतील, असं मी म्हणालो. तिनं सेल बदलले. चव्वेचाळीसच. मग माझ्यातला टर्नर जागा झाला. एका गेजवर भरवसा ठेवायचा नाही, ही आमची पहिली शिकवण. भिंतीवरच्या घड्याळाखाली बसलो, मनगटावर अंगठ्याच्या बाजूला तीन बोटं ठेवली आणि पुरता एक मिनिट मोजले. पंधरा सेकंद मोजून चौपट करायचं नाही, नाडी सावकाश असली की त्यात चूक मोठी होते. सेहेचाळीस आले. मग गच्चीवर दोनदा चढून उतरलो आणि परत मोजले. चोपन्न.

खरी मेख इथंच होती, खरं ती त्या वेळी मला उमगली नाही. माणूस जिना चढला की नाडी नव्वद-शंभरावर जायला हवी. लेथवर जाड कट घेतला की मोटरनं जोर धरायला हवा, ती जर त्याच गतीनं गुंगुं करत राहिली तर जॉब अडकणारच. माझं तेच होत होतं. बसल्या जागी सेहेचाळीस पुरत होते, चढाला ते पुरत नव्हते.

शाळेची शंभर पानी वही काढली आणि सकाळ, दुपार, रात्र आकडे मांडायला सुरुवात केली. सोबत बीपी. ही म्हणाली, "आता हे एक नवीन खूळ." पुढं प्रत्येक डॉक्टरनं माझ्या तोंडाआधी ती वही वाचली, म्हणून खुळाचं एवढं वाईट वाटत नाही.

वही घेऊन बेळगावातल्याच एका मोठ्या दवाखान्यात गेलो. नाव सांगत नाही. तिथं नोंद करून घेणारी मुलगी कानडी. तिनं विचारलं, "सुस्त आगतैतेनरी?" मी ठासून नाही म्हणालो. मला वाटलं ती मला आळशी म्हणतेय. आपल्या मराठीत सुस्त म्हणजे लोळत पडणारा. कानडीत सुस्त म्हणजे थकवा, हे बेळगावात जन्म काढून मला माहीत नव्हतं असं नाही, पण ऐन वेळी डोक्यात मराठीच चालू होती. तिनं कागदावर 'थकवा नाही' असं लिहून टाकलं आणि आत डॉक्टर विचारतायत, "मग आलात कशाला?" बाहेर येऊन हसलो, आत मात्र घाम फुटला होता.

ईसीजी निघाला. हृदयाच्या वरच्या कप्प्यातून निघालेला इशारा खालच्या कप्प्यापर्यंत पोचायला जेवढा वेळ लागतो तो २०० मिलिसेकंदांच्या आत असावा, माझा २४० होता. याला फर्स्ट डिग्री ब्लॉक म्हणतात. नुसता तेवढाच असेल तर फार घाबरायचं कारण नसतं, वयानं बऱ्याच जणांना होतो. पण त्याच्या जोडीला नाडी ४५. बीपीसाठी मला दोन गोळ्या होत्या. त्यातली एक मेटोप्रोलॉल. ही गोळी नाडी मंद करते, ते तिचं कामच आहे. डॉक्टरांनी ती लगेच बंद केली आणि आठवड्यानं या म्हणाले. पिशवीतल्या सगळ्या स्ट्रिपा मी टेबलावर ओतल्या होत्या. "गोळ्या कुठल्या चालू आहेत?" त्यांनी विचारलं होतं. मी सगळ्या दाखवल्या. एकही लपवली नाही.

आठवड्यानं नाडी ४८. म्हणजे वाढली म्हणायला वाढली.

मग इको, ते चांगलं निघालं. झडपा ठीक, पंपाची ताकद ठीक. मग होल्टर, म्हणजे चोवीस तासांचा ईसीजी. छातीवरचे केस चार-पाच ठिकाणी तासून चकत्या चिकटवल्या, त्यांच्या वायरी कंबरेच्या पट्ट्यातल्या काडेपेटीएवढ्या डबीत. चोवीस तास ती डबी काढायची नाही, आंघोळ नाही, आणि किती वाजता काय केलं ते कागदावर लिहायचं. नेमका शनिवार होता. बाजाराला गेलो तर कोथिंबीरवाली म्हणाली, "काका, मोबाईल किती मोठा घेतलाय ओ." कागदावर मी इमानानं लिहिलं: ११.१०, कोथिंबीर, घासाघीस.

होल्टरचा निकाल असा: चोवीस तासांत सदुसष्ट हजार ठोके. सत्तरच्या गतीनं चालणाऱ्या हृदयाचे दिवसाला लाखभर होतात. पहाटे झोपेत सगळ्यात कमी ३४. एका ठिकाणी २.४ सेकंदांचा खंड. दिवसभरात वर गेलेला आकडा ६१, आणि तोही कोथिंबीरवालीपाशी नव्हे, पोस्टासमोर कुत्रं अंगावर आलं तेव्हाचा.

"पेसमेकर," डॉक्टर म्हणाले. गोळी बंद करूनही नाडी वर येत नाही म्हणजे हृदयातली वायरिंगच थकली आहे, असं त्यांचं गणित. गणित चुकीचं नव्हतं, हे मला आजही म्हणायचंय. त्यांच्यापुढं जे ठेवलं होतं त्यावरून तेच उत्तर येत होतं. राग आला तो त्यानंतरच्या खोलीचा. तिथला माणूस म्हणाला, आजच दाखल व्हा, डिपॉझिट भरा, रात्री काही झालं तर आम्ही जबाबदार नाही. खर्चाचा अंदाज दीड लाखाच्या वर. मला ना चक्कर आलेली, ना झीट. वहीतसुद्धा तसं एकदाही लिहिलेलं नव्हतं. विचार करून सांगतो म्हटल्यावर त्यानं ज्या नजरेनं बघितलं, ती नजर मला सेकंडहँड मशीन विकणाऱ्या दलालांमुळं ओळखीची आहे.

घरी आल्यावर सभा भरली. मुलगा पुण्याहून फोनवर: करून टाका, पैशाचं मी बघतो. मेव्हणा: अजिबात करू नका. मास्तर आले ते सरकारी योजनांची कात्रणं घेऊनच. इकडची आरोग्य कर्नाटक, आणि तिकडची महात्मा फुले जनआरोग्य योजना, जी महाराष्ट्रानं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं आणि त्यावरून दोन्हीकडे भाषणं झाली. आमचं हे नेहमीचं. दुखणं एक, सरकारं दोन, आणि कागद दोघांनाही अपुरा. मास्तर तावातावानं बोलत होते, मी आंबील पीत होतो. शेवटी ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "मिरजेला एकदा दाखवूया की ओ."

आमच्या पिढीला हे एक ठाऊक असतं. मिरजेत मिशन हॉस्पिटल काढणाऱ्या वानलेस डॉक्टरांच्या काळापासून बेळगावकडची माणसं अवघड दुखणं घेऊन मिरजेची गाडी धरतात. माझ्या आजीला डोळ्यांसाठी तिकडेच नेलं होतं. घटप्रभा, रायबाग, कुडची करत कृष्णेचा पूल ओलांडला की अर्धं दुखणं बरं झालं असं ती म्हणायची. मी खिडकीशी बसून नाडी मोजत गेलो. सत्तेचाळीस.

मिरजेच्या डॉक्टर बाई पन्नाशीच्या. नाव इथं देत नाही, त्यांना विचारलेलं नाही. वही त्यांनी शांतपणे पहिल्या पानापासून वाचली. होल्टर बघितला. मग प्रश्न. कधीपासून? चढताना धाप लागते की पाय जड होतात? डोळ्यांपुढं अंधारी? रात्री घोरता का, घोरताना श्वास अडकतो का? घरी कुणाला पेसमेकर? सगळ्यांची उत्तरं दिली. मग म्हणाल्या, "औषधं?" मी पिशवी ओतली.

"या झाल्या गोळ्या. गोळ्यांशिवाय काय? काढा, चूर्ण, मलम, पंप, थेंब?"

"नाही," मी म्हणालो.

"थेंब आहेत की," ही म्हणाली.

मी हिच्याकडे बघितलं. हिनं पर्स उघडली. त्यात रुमाल, सुपारीची डबी, परतीची तिकिटं, आणि रुमालात गुंडाळलेली ती एवढीशी पांढरी बाटली. प्रवासातही संध्याकाळचे चुकायला नकोत म्हणून आणलेली. डॉक्टर बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि बाटली डोळ्यांजवळ नेऊन वाचली. टिमोलॉल, ०.५ टक्के.

"हे कधीपासून?"

श्रावणात मोतीबिंदूसाठी डोळे दाखवायला गेलो तेव्हा डोळ्यांतला दाब वाढलेला निघाला. काचबिंदूची सुरुवात आहे, थेंब कायम घालावे लागतील, असं सांगितलं होतं. सकाळ-संध्याकाळ दोन्ही डोळ्यांत एकेक. बाटली आरशापुढच्या फळीवर कंगव्याशेजारी असायची. मी मान वर करायची, हिनं घालायचे. आणि इथं आणखी एक गोष्ट बाहेर आली. एक थेंब गालावरून ओघळतो म्हणून ही दर वेळी दोन घालत होती. दिवसाला चाराऐवजी आठ.

बाईंनी कागदावर डोळा काढला, त्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यातून खाली जाणारी एक नळी काढली. डोळ्यांतलं पाणी या नळीनं नाकात उतरतं, म्हणून तर रडताना नाक गळतं. थेंबही त्याच वाटेनं जातो. नाकाच्या आतल्या पातळ कातडीतून तो थेट रक्तात शिरतो. पोटात घेतलेल्या गोळीतला बराच भाग यकृत वाटेतच मोडून टाकतं. नाकातून गेलेल्या औषधाला ती जकात लागत नाही. आणि टिमोलॉल म्हणजे मेटोप्रोलॉलच्याच भावकीतलं औषध, बीटा ब्लॉकर. डोळ्यांतला दाब उतरवतं, नाडीही उतरवतं. तरण्या माणसाला सहसा कळतही नाही. पण ज्याची वायरिंग वयानं आधीच थोडी मंदावलीय, त्याच्यावर ते बसतं. दम्याच्या माणसाला तर हे थेंब देतच नाहीत, छाती आवळते.

म्हणजे मोठ्या भावाला घराबाहेर काढलं होतं आणि धाकटा दिवसातून दोनदा मागच्या दारानं आत येत होता. श्रावणात थेंब सुरू झाले, दिवाळीत फेरी कमी झाली. दोन्ही गोष्टी मला ठाऊक होत्या. वहीत एकीची नोंद होती, दुसरीची नव्हती. मला तर सोडाच, बेळगावच्या डॉक्टरांनाही मी दोष देत नाही. त्यांनी गोळ्या विचारल्या, मी गोळ्या दाखवल्या. आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब देताना बीपीसाठी काय चालू आहे ते विचारलं होतं का, तर मला आठवत नाही. विचारलं असेल आणि मी 'एक बारीक गोळी आहे' म्हणून सोडून दिलं असेल, असा मी माणूस आहे.

मी तिथंच म्हणालो, मग आजपासून थेंब बंद. बाई एकदम कडक झाल्या. "स्वतःच्या मनानं काही बंद करायचं नाही. नाडी वाचवायला जाल आणि डोळा घालवून बसाल." काचबिंदूनं गेलेली नजर परत येत नाही. त्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली, मी बसलेला असतानाच त्यांना फोन लावला, आणि दुसऱ्या जातीचे थेंब ठरले. लॅटानोप्रोस्ट, रात्री झोपताना एकच. बाटली फोडेपर्यंत फ्रिजमध्ये ठेवायची. सोबत हिला धडा मिळाला: थेंब एकच, तो खालच्या पापणीच्या ओंजळीत, मग डोळा मिटून नाकाकडच्या कोपऱ्यावर बोटानं दोन मिनिटं दाबून धरायचं, म्हणजे नळीचं तोंड बंद. आणि मला ताकीद मिळाली की चक्कर आली, डोळ्यांपुढं अंधारी आली किंवा पडलो तर मिरजेची गाडी बघत बसायचं नाही, जवळच्या इस्पितळात तडक जायचं.

वहीतली पुढची पानं अशी आहेत. पहिला दिवस ४७. तिसरा ५१. पाचवा ५०, आणि त्या रात्री मला झोप नाही, वाटलं संपलं सगळं. नववा दिवस ५८. पंधराव्या दिवशी बसून ६३, आणि गच्चीवर दोनदा चढून उतरल्यावर ८८. त्या ८८ भोवती मी तांबड्या पेनानं गोल काढलाय. महिन्यानं परत होल्टर केला: ठोके ब्याण्णव हजार, सगळ्यात कमी ४६, दीड सेकंदाच्या वरचा खंड एकही नाही. डोळ्यांतला दाब १६.

ईसीजीतला तो २४० मात्र २२० वर येऊन थांबला. तो आता तसाच राहणार. बाईंनी गुळमुळीत न बोलता सांगितलं की वायरिंग थकायला लागलीय हे बेळगावच्या डॉक्टरांचं म्हणणं खोटं नाही. आज पेसमेकर लागत नाही, पुढं लागू शकेल. वर्षातून एकदा होल्टर, आणि नाडी मंद करणारं कुठलंही औषध आता मला नको. तसं मी कार्डावर लिहून खिशात ठेवलंय. मेव्हणा गावभर सांगत सुटलाय की आमच्या दाजींचा पेसमेकर थेंबानं वाचवला. त्याला मी दोनदा गप्प बसवलंय. आमच्याच गल्लीच्या टोकाला एकाला तीन वर्षांपूर्वी पेसमेकर बसवला. भूल फक्त खांद्याखालच्या तेवढ्या जागेपुरती, दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी घरी. त्याला खरोखरच झीट येऊन तो दोनदा पडला होता. आज गणपतीत लेझीम खेळतो. त्याचं यंत्र काढून कुणी थेंब शोधायला बसू नये.

बेळगावच्या त्या डॉक्टरांना मी मुद्दाम जाऊन वही दाखवली. मला वाटलं होतं चिडतील. ते बराच वेळ त्या तांबड्या गोलाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "थेंब विचारायला हवे होते." मग बाहेरच्या मुलीला हाक मारून कानडीत काहीतरी सांगितलं. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा तिच्या छापील कागदावर 'गोळ्या' खोडून हातानं तीन भाषांत 'औषधं' लिहिलेलं होतं. डिपॉझिटच्या खोलीत मात्र तोच माणूस होता.

आता रात्री साडेनऊला ही फ्रिजशेजारी खुर्ची ओढते. मी मान वर करतो. एक थेंब. मग माझ्या नाकाच्या कोपऱ्यावर बोट दाबून ही घड्याळाकडे बघत मोठ्यांदा दोन मिनिटं मोजते, मधेच फोन वाजला तर पहिल्यापासून. त्याच वेळी मी मनगटावर माझं मोजत असतो, आणि तिचे आकडे ऐकून माझे चुकतात. काल तीनदा चुकले. शेवटी वहीत अंदाजे ६५ लिहिलं. शंभर पानं संपत आलीत, आणि दुसरी वही आणायची नाही असं हिनं बजावून ठेवलंय.